चर्चच्या आवारातला वड

कासेल, जर्मनी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमचे पत्र पोहोचले. पुण्यात आपल्या चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव पुढच्या महिन्यात चर्चच्या कमिटीपुढे येणार आहे, त्यासाठी फाटकाजवळचा वड काढण्याचा अर्ज महापालिकेकडे करावा असे बहुतेकांचे मत आहे, आणि तुमचे मत अजून ठरलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. फोनवर या विषयाची दोन वाक्ये होतात आणि मग बोलणे आईच्या गुडघ्यांकडे वळते, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. मी कमिटीवर नाही, आणि इतकी वर्षे बाहेर राहिल्यावर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, यादीत तरी माझे नाव उरले आहे की नाही कोण जाणे. पण ज्या झाडाखाली आमचा संडे स्कूलचा वर्ग भरत असे त्याच्याविषयी बोलण्याचा थोडा हक्क मला आहे, असे धरून चालते.

तुमच्या पत्रात वड काढण्याची तीन कारणे आली आहेत. रविवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही, हे पहिले. वटपौर्णिमेला आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका फाटकातून आत येऊन वडाला सूत गुंडाळतात, पूजा करतात, आणि ख्रिस्तमंदिराच्या आवारात हे शोभत नाही, हे दुसरे. काही वडीलधाऱ्यांना ते फारच लागलेले दिसते. तिसरे कारण तुमचे स्वतःचे आहे आणि ते तुम्ही प्रश्न म्हणून मांडले आहे: मंडळीवर सुवार्तेचे काम सोपवलेले असताना तिने झाडाझुडपांच्या भानगडीत का पडावे, आणि पर्यावरणाचे हे वारे चर्चमध्ये अलीकडेच शिरले आहे की त्याला पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, काही मूळ आहे? गाड्यांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो शेवटी घेते. सुताचा प्रश्न अवघड आहे, आणि मी राहते त्या भागात त्याला फार जुना इतिहास आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

कासेलहून तीसेक किलोमीटरवर फ्रित्स्लार नावाचे जुने गाव आहे. इ. स. ७२३ च्या सुमारास इंग्लंडहून आलेला बोनिफस हा मिशनरी त्या परिसरातल्या गाइस्मार येथे पोहोचला. तिथे एक प्रचंड ओक होता आणि आसपासचे लोक त्याला मेघगर्जनेच्या देवाचे, दोनारचे झाड मानत. बोनिफसने सर्वांच्या देखत त्याच्यावर कुऱ्हाड चालवली. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच लिहिल्या गेलेल्या चरित्रात असे म्हटले आहे की थोडा घाव बसताच जोराचा वारा सुटला, झाड कोसळले आणि त्याचे चार तुकडे झाले. शिव्याशाप देत उभे असलेले लोक, काहीच कोप झाला नाही हे पाहून, प्रभूकडे वळले. आणि त्याच लाकडातून बोनिफसने संत पेत्राच्या नावाचे प्रार्थनामंदिर उभारले. आज त्या गावात संत पेत्राचे भव्य जुने चर्च आहे आणि कुऱ्हाड घेतलेल्या बोनिफसचा पुतळाही आहे. जर्मनीतल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगायला घेतला की हा प्रसंग हटकून येतो.

तुमच्या कमिटीत कोणाला ही गोष्ट ठाऊक असेल तर ती वडाविरुद्ध सांगितली जाईल, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. बोनिफसचे भांडण भीतीशी होते. या झाडाला हात लावला तर वीज पडून मरू, या धाकात लोक जगत होते, आणि तो धाक खोटा आहे हे दाखवायला त्याला तोच एक उपाय दिसला. पुण्यात आज वड तोडला तर कोणाची भीती जाणार आहे? कंत्राटदाराची माणसे यंत्राची करवत घेऊन येतील, दुपारपर्यंत फांद्या ट्रकमध्ये भरल्या जातील आणि वस्तीतल्या बायका पुढच्या ज्येष्ठात पलीकडच्या गल्लीतल्या वडाकडे जातील. आपल्याविषयी त्यांच्या मनात एवढेच राहील की चर्चवाल्यांनी झाड तोडले. याला कोणी साक्ष म्हणत असेल तर माझी हरकत नोंदवून घ्यावी. आणि बोनिफसने निदान त्या लाकडाचे प्रार्थनामंदिर बांधले. आपण त्या जागी मोटारी उभ्या करणार आहोत.

शिवाय त्या काळीही चर्चला दुसरा मार्ग माहीत होता. इ. स. ६०१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मिशनरीला पत्र लिहून कळवले होते की तिथल्या लोकांची देवळे पाडू नयेत. आतल्या मूर्ती काढाव्यात, पवित्र पाणी शिंपडावे आणि त्याच वास्तूंत खऱ्या देवाची उपासना सुरू करावी, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येत राहतील. बोनिफस ज्या इंग्लंडातून आला, त्या इंग्लंडाला हा सल्ला त्याच्या शंभरेक वर्षे आधी मिळालेला होता. इतका लांबचा दाखलाही कशाला हवा? आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा घेणाऱ्या पणजोबांनी नगर जिल्ह्यातल्या गावी म्हसोबाच्या लिंबाला नवस बोलणे सोडले, पण लिंबाला हात लावला नाही. त्याच लिंबाच्या सावलीत पुढे मिशनची शाळा भरू लागली, हे आजी आम्हांला किती वेळा सांगत असे. भीती गेली आणि सावली राहिली. पणजोबा काही धर्मशास्त्र शिकलेले नव्हते, तरी त्यांना जे उमगले ते आपल्याला इतके अवघड का जावे?

शास्त्राचा आधार हवा असेल तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय काढावा. तिथे प्रेषित पौलापुढे जवळपास आपल्यासारखाच प्रश्न आहे. बाजारात विकायला येणारे मांस मूर्तीपुढे वाहिलेले असण्याची शक्यता आहे, तर विश्वासणाऱ्याने ते खावे की नाही? पौल मूर्तिपूजेपासून दूर पळा असे त्याच अध्यायात बजावतो, आणि तरीही बाजारातल्या मांसाविषयी म्हणतो की विवेकासाठी चौकशी न करता खा. आणि आधार म्हणून स्तोत्रसंहितेतले चोविसावे स्तोत्र पुढे ठेवतो, की पृथ्वी आणि तिच्यात जे काही भरले आहे ते सर्व प्रभूचे आहे. दुसऱ्या कोणी एखाद्या वस्तूला हात जोडले म्हणून ती वस्तू प्रभूच्या मालकीतून निघून जात नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. वडाला सूत बांधले गेले तरी वड परमेश्वराचाच राहतो. आपण त्याची पूजा करत नाही, पण ज्याने तो निर्माण केला त्याची पूजा करतो, आणि त्याच्या हातचे काम जपणे त्या पूजेतच येते. सुताचे म्हणाल तर ते नायलॉनचे असेल तेव्हा काही दिवसांनी सोडवून टाकावे, कारण ते कुजत नाही आणि कोवळ्या पारंब्यांत रुतते. कापसाचे आपोआप गळून पडते. त्या दिवशी फाटकाशी एक पाण्याचा माठ ठेवला तर फारच बरे. दिवसभर उपास धरून आलेल्या बायकांना पाणी देणे ही आपल्या प्रभूच्या शिकवणुकीत बसणारी गोष्ट आहे.

आता तुमचा प्रश्न. माणसाने पृथ्वी सत्तेखाली आणावी आणि सर्व प्राण्यांवर अधिकार चालवावा, हे उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातले वचन तुम्ही लिहिले आहे. त्याच वचनावर बोट ठेवून लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात असा आरोप केला की पश्चिमेकडच्या ख्रिस्ती विचाराने निसर्गाला माणसाच्या सोयीची वस्तू ठरवले आणि आजच्या ऱ्हासाचे एक मूळ तिथे आहे. आरोप अगदीच खोटा नाही, हे युरोपात राहिल्यावर कळते. पण त्यात शास्त्र अर्धेच वाचलेले आहे. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. नवव्या अध्यायात जलप्रलयानंतर देव जो करार करतो तो एकट्या नोहाशी नाही. पक्षी, गुरेढोरे, तारवातून बाहेर आलेला प्रत्येक जिवंत प्राणी त्या करारात आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा सांगितला आहे, आणि जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडचे उपरे आहात, असे परमेश्वर स्वच्छ सांगतो. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांनी हे वचन घरात लावून ठेवायला हरकत नाही.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातले वचन, जे आपल्या उपदेशांत मी कधी ऐकले नाही. शत्रूच्या नगराला पुष्कळ दिवस वेढा घालून बसलात तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका, त्यांची फळे खा पण ती तोडू नका. शेतातले झाड म्हणजे काय माणूस आहे की तुम्ही त्याला वेढा घालावा? युद्धातही ज्या झाडांना अभय आहे त्यांना शांततेच्या काळात पार्किंगसाठी तोडावे, हे कसे पटवून घ्यायचे? वडाची फळे आपण खात नाही, हे मान्य. पण तांबट, कोकीळ, मैना आणि वटवाघळे खातात, आणि १०४ व्या स्तोत्रात तेही देवाच्याच पंक्तीला बसलेले आहेत. ते स्तोत्र मुद्दाम सावकाश वाचून पाहा. गंधसरूंवर घरटी करणारे पक्षी, डोंगरांवरचे रानबकरे, देवाजवळ भक्ष्य मागत गर्जना करणारे तरुण सिंह, असे एकेक येत जाते, आणि त्यांच्या मधोमध माणूस सकाळी कामाला निघतो आणि संध्याकाळपर्यंत राबतो असे एक वचन माणसाला मिळते. आपली जागा तिथे बेताचीच आहे.

तुम्ही पेत्राच्या दुसऱ्या पत्राचाही उल्लेख केला आहे, की सृष्टितत्त्वे तापून वितळणार आणि नवे आकाश व नवी पृथ्वी येणार, मग या पृथ्वीची डागडुजी कशासाठी? मला वाटते याचे उत्तर नोहाने दिलेले आहे. जलप्रलय येणार हे त्याला प्रत्यक्ष देवाने सांगितले होते, तरी बुडणाऱ्या जगातल्या चिमण्यांचे काय करायचे असे म्हणून तो एकटा तारवात चढला नाही. आणि पेत्र त्याच अध्यायात जलप्रलयाचाच दाखला देतो: जग पाण्याने नाश पावले, पण त्या पाण्याखालून वर आली ती हीच पृथ्वी होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे आणि तिलाही नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची आशा आहे, असे पौल म्हणतो. ज्या सृष्टीला तारणाची आशा दिलेली आहे तिच्याकडे भंगार म्हणून पाहता येत नाही.

याच संदर्भात प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन ल्यूथरचे म्हणून तुम्ही दिलेले वाक्य, की उद्या जग बुडणार असे कळले तरी मी आज सफरचंदाचे रोप लावीन, ते कमिटीपुढे वापरू नये अशी विनंती आहे. वाक्य सुंदर आहे, पण ल्यूथरच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही. त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा १९४४ चा आहे आणि तोही इथल्याच, हेस्सेमधल्या चर्चच्या एका परिपत्रकातला. हिटलरच्या राजवटीपुढे न झुकलेल्या मंडळ्यांमध्ये, बॉम्ब पडत असताना, ते एकमेकांना धीर देण्यासाठी फिरत होते. मला तर ल्यूथरच्या नावापेक्षा हाच इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

ल्यूथर नसला तरी सोळाव्या शतकातला दुसरा प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन आहे, आणि तुमच्या कमिटीतल्या कडव्या प्रॉटेस्टंटांना तो चालावा. उत्पत्तीवरच्या १५५४ च्या भाष्यात, एदेन बागेच्या त्याच वचनाखाली, तो सांगतो की ज्याच्या ताब्यात शेत आहे त्याने त्याचे वर्षाचे पीक घ्यावे, पण हयगयीने जमीन खराब होऊ देऊ नये. आपल्याला मिळाली तशी किंवा त्याहून चांगली करून ती पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचे हे लिखाण आहे, म्हणजे वारे अलीकडचे नाही. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी केलेल्या नियमांत कोठाराचा कारभार पाहणाऱ्याला असे बजावले आहे की मठातली भांडीकुंडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपावीत. आणि असिसीचा फ्रान्सिस तर सर्वांना ठाऊक आहे. सूर्याला बंधू आणि पाण्याला बहीण म्हणणारे त्याचे गीत त्याने जवळजवळ दृष्टी गेलेली असताना, १२२५ च्या सुमारास रचले. आपल्या देहूच्या तुकोबांनी वृक्षवल्लींना सोयरे म्हटले आणि त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ना. वा. टिळक सांगत, तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसाला फ्रान्सिस परका वाटण्याचे कारणच नाही. पण त्या गीतापेक्षा त्याच्या चरित्रातली एक लहानशी गोष्ट आपल्या कामाची आहे. जळण तोडायला जाणाऱ्या बंधूंना त्याने ताकीद दिली होती की झाड मुळापासून संपूर्ण तोडू नका, त्याला पुन्हा फुटण्याची आशा राहू द्या. आणि बागेची देखभाल करणाऱ्याला सांगितले होते की सगळीच जमीन भाजीपाल्यासाठी खणू नकोस, कडेची जागा गवताला आणि रानफुलांना सोड.

त्यानंतरची सनावळी थोडक्यात देते, कारण ती तुम्हांला कुठेही मिळेल. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत घोषित केले. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. त्यांच्यानंतरचे बार्थोलोम्यू यांनी १९९७ मध्ये निसर्गाविरुद्धचा अपराध हे पाप आहे असे उघड म्हटले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. आता १ सप्टेंबरपासून फ्रान्सिसच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, अनेक पंथांच्या मंडळ्या सृष्टीचा काळ पाळतात; तो कालच संपला. आपल्याकडे या यादीत आणखी एक नाव जोडता येते. मराठीत नवा करार पहिल्यांदा छापून काढणारे विल्यम केरी हे वनस्पतींचे मोठे अभ्यासक होते. १८२० मध्ये त्यांनी शेती आणि फळबागांसाठी संस्था स्थापन केली, आणि सह्याद्रीत आपण ज्याला कुंभा म्हणतो त्या झाडाचे शास्त्रीय नाव, करेया आर्बोरिया, त्यांच्याच नावावरून ठेवलेले आहे. ज्या माणसाने आपल्या हाती शास्त्र दिले त्याच्या नावाचे झाड भीमाशंकरच्या वाटेवर उभे आहे.

भीमाशंकरवरून आठवले. शाळेची सहल घेऊन तुम्ही तिकडे जात होता तेव्हा देवराईत शिरण्याआधी मुलांना चपला काढायला सांगत होता. ख्रिस्ती मास्तरांनी हे का करावे, असे कोणी विचारल्यावर तुम्ही म्हणाला होता की घर दुसऱ्याचे असले तरी पाय पुसूनच आत जावे. माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी करून त्यांचे मोल जगापुढे मांडले, हेही मी तुमच्याकडूनच ऐकले. याच्याशी पुष्कळ जुळणारी गोष्ट इथिओपियात आहे आणि ती ख्रिस्ती आहे. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात मूळचे जंगल शेतीसाठी आणि गुरांसाठी जवळजवळ सगळे गेले. जे उरले ते बहुतांशी ऑर्थोडॉक्स चर्चभोवती. विमानातून घेतलेल्या चित्रांत करड्या शेतांच्या मधोमध हिरवी वर्तुळे दिसतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या केंद्रात चर्चचे गोल छप्पर असते. तिथले लोक त्या रानाला चर्चचे वस्त्र मानतात. अलीकडे गुरे आत शिरून रोपे खाऊ लागली तेव्हा शेतांतून वेचलेल्या दगडांचे कुंपण घालण्याचे काम सुरू झाले, त्यात शेतेही मोकळी झाली आणि रानही वाचले. आपल्या देवरायांत फांदी मोडायची नाही ती बहुधा देवाच्या धाकाने. इथिओपियातले रान उभे आहे ते देवाच्या घराचे आवार म्हणून, आणि मला आपल्या वडासाठी हाच आधार पुरेसा वाटतो.

इथल्या मंडळीत आज हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार होता. वेदीपुढे भोपळे, सफरचंदे, पाव आणि गव्हाच्या ओंब्यांचा मुकुट मांडला होता; आपल्याकडच्या लिलावाची मजा मात्र नाही, कोणी एक भोपळा तीनदा विकत घेऊन पुन्हा देवाला देत नाही. उपासनेनंतर पाळकबाईंनी मुलांना बुरुजावर नेले. तिथे वरच्या खिडकीच्या फळ्यांमागे एक लाकडी खोका आहे आणि दर वसंतात त्यात लहान ससाण्याची जोडी पिल्ले काढते; बुरुजात पक्ष्यांना जागा देणाऱ्या चर्चना इथली निसर्गसंरक्षण संघटना पाटी देते, ती दाराशी लावलेली आहे. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर विष्ठा आणि उंदरांची हाडे पडलेली असतात आणि चर्चचा सेवक कुरकुर करत ती खरवडतो, पण खोका काढा असे म्हणत नाही. आपल्या घंटेच्या मनोऱ्यात गव्हाणी घुबड राहत असे. घाण होते म्हणून त्याला जाळी मारली गेली आणि पुढच्या वर्षी धान्याच्या खोलीत उंदरांसाठी औषध आणावे लागले, ते तुम्हांला आठवत असेलच.

या शहरात झाडांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती चर्चची नसली तरी सांगते. १९८२ मध्ये योझेफ बॉइस या कलावंताने कासेलच्या मुख्य चौकात सात हजार बसाल्टचे दगड आणून टाकले आणि अट घातली की एक झाड लावले की त्याच्याशेजारी रोवायला एक दगड उचलायचा. ढीग संपायला पाच वर्षे लागली. तोवर तो कलावंत वारलेला होता आणि शेवटचे झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावले. माझ्या घरासमोरच्या लिंडनपाशी असाच दगड आहे. रोप लावले तेव्हा दगडच उंच दिसत असणार. आता खोडाच्या फुगाऱ्याने त्याला एका अंगाला कलते केले आहे. ओक पाडून ज्या प्रदेशात चर्चची सुरुवात झाली, तिथे बाराशे वर्षांनी लोकांनी हजारो झाडे लावली ती कोणत्याही देवाच्या नावाने नाही. ते काम मंडळीला आधी का सुचू नये, हा प्रश्न मला दर वेळी तो दगड पाहून पडतो.

राहिला गाड्यांचा प्रश्न. प्रथम कायदा. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून शहरातले झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष ठरवले आहे. असे झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आहे. तुमच्या दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, फोटोत तुमच्या वर्गामागे हाच वड पारंब्यांसह उभा दिसतो, म्हणजे पन्नाशी त्याने कधीच ओलांडली. त्या वयाइतकी रोपे आपल्या आवारात कुठे लावणार, हे ठराव मांडणाऱ्यांना विचारून पाहावे.

दुसरे पाण्याचे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आपण सगळे फोनला चिकटून होतो. शहरातली जमीन जितकी सिमेंटने झाकली जाईल तितके पावसाचे पाणी मुरण्याऐवजी रस्त्याने धावणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आवार झाकायचेच असेल तर मध्ये गवत उगवू देणारे जाळीचे ब्लॉक मिळतात, तेही फक्त मोटारींच्या पट्ट्यात बसवावेत, आणि वडाभोवती फांद्यांच्या पसाऱ्याइतकी माती उघडी ठेवावी. बुंध्यापर्यंत सिमेंट आणून भोवती पार बांधण्याची जी पद्धत पडली आहे तिने झाड हळूहळू गुदमरते. ते पडले की मग वाऱ्याला दोष देतात. गाड्यांसाठी शेजारच्या शाळेचे मैदान रविवारी सकाळी मिळू शकेल, कारण त्या वेळी ते रिकामेच असते. म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या गाड्या तेवढ्या आत घ्याव्यात आणि धडधाकट तरुणांनी पाच मिनिटे चालावे.

एक गोष्ट मुलांसाठी लिहिते, संडे स्कूलमध्ये सांगता येईल. वडाचे लाल फळ फोडले तर आत बारीक फुलेच फुले असतात; त्यांचे परागीभवन करणारी, मुंगीहूनही लहान अशी एक गांधीलमाशी असते आणि ती वडासाठीच असते, तिच्याशिवाय वडाला बी धरत नाही आणि वडाशिवाय तिची वीण होत नाही. फळ पिकायच्या आधी ते देठापासून तोडून, उभे कापून, भिंगाखाली धरावे. मोहरीच्या दाण्याचा दाखला शिकवताना, ज्याच्या फांद्यांवर आकाशातली पाखरे येऊन राहतात अशा झाडाचे चित्र पुस्तकातून दाखवण्याऐवजी मुलांना बाहेर आणून उभे करणे आपल्याला शक्य आहे, तोवर ते करावे.

कमिटीत हे सगळे वाचून दाखवू नका, लांब आहे आणि बाईमाणसाने परदेशातून उपदेश पाठवला असे कोणीतरी म्हणेल. करिंथकरांसच्या दहाव्या अध्यायाचे वचन आणि कायद्याचा मुद्दा, एवढे दोन पुरेत. मात्र बैठकीपूर्वी दोन कामे करावीत. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजून मला कळवावा, आणि दृढीकरणाच्या फोटोची मागची बाजू, जिथे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख आहे, ती मोबाइलवर काढून पाठवावी. वयाचा पुरावा म्हणून तो अर्जावरच्या हरकतीसोबत जोडता येईल. हरकतीचा मसुदा मी लिहून देते, सही मात्र तुमची लागेल.

आईच्या गुडघ्यांसाठी सांगितलेला पट्टा सामानातून पाठवला आहे, तो रात्री काढून ठेवायचा आहे. पाळक साहेबांना आणि मंडळीतल्या सर्वांना सलाम.

तुमची कन्या